शेजारच्या वाणाच्या परागामुळे संकरित मक्याचे उत्पादन खरोखर वाढते का?

प्रश्न विचारणारे: कोरडवाहू_बार्शी

सर्वांना नमस्कार. बार्शी तालुक्यातील माझ्या मध्यम खोलीच्या काळ्या जमिनीत यंदाच्या खरिपात मी शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांत मक्याचे दोन वेगवेगळे संकरित वाण टोकले होते. पूर्वेकडच्या पट्ट्यात साधारण ९० दिवसांत येणारा लवकरचा वाण होता, तर पश्चिमेकडच्या पट्ट्यात ११० दिवसांच्या आसपास येणारा उशिराचा. दोन्हींची टोकणी एकाच वेळी झाली, खतांची मात्रा सारखीच दिली आणि लष्करी अळीसाठीच्या फवारण्याही दोन्हीकडे बरोबरीनेच झाल्या.

ऑगस्टमध्ये लवकरचा वाण नेमका तुऱ्यात असताना पावसाने ओढ दिली. विहिरीला पाणी बेताचेच होते, त्यामुळे तुरे बाहेर पडल्यानंतर पाण्याची पाळी द्यायला उशीर झाला. आता कणसे सोलून पाहिली, तर त्या पट्ट्याच्या मधल्या भागातील बहुतेक कणसांचा शेंड्याकडचा जवळजवळ एक तृतीयांश भाग रिकामा दिसतो. मात्र दोन वाणांच्या सीमेलगतच्या आठ-दहा ओळींमध्ये याच वाणाची कणसे अगदी टोकापर्यंत भरलेली आहेत. जमीन तीच, पाणी तेच आणि बियाण्याची पिशवीही तीच असताना हा फरक डोळ्यांत भरण्याइतका मोठा आहे.

बियाणे विकणाऱ्या एका दुकानदाराला हे सांगितले तेव्हा त्याने, परक्या वाणाचा पराग लागला की दाणा वाढतोच, पुढच्या वर्षी दोन पिशव्या एकत्र मिसळून टोका, असा सल्ला दिला. हे शास्त्राला धरून आहे का, असे मिसळून पेरणे फायद्याचे ठरेल का, आणि सीमेवरची ही भरलेली कणसे बियाण्यासाठी ठेवावीत का, या तीन गोष्टींवर जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर: बियाणे_अभ्यासक, सोलापूर

नमस्कार. आपण केवळ उत्पादन घटल्याचे न सांगता शेताच्या कोणत्या भागात कणसे भरली आणि कोणत्या भागात नाही, हे पाहून ठेवले आहे. कारणापर्यंत पोहोचण्यासाठी याचाच सर्वांत जास्त उपयोग होईल. माझ्या मते आपल्या शेतात जे घडले, त्याचे मुख्य कारण पराग परका होता हे नसून तो वेळेवर उपलब्ध होता हे आहे. या दोन गोष्टी एकत्र केल्या, तर पुढच्या वर्षीचा निर्णय चुकू शकतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

मक्याच्या एकाच ताटावर नर आणि मादी फुले असतात, पण ती वेगवेगळ्या जागी असतात. शेंड्यावरचा तुरा हा नर फुलोरा आणि पानाच्या बगलेतून निघणारे कणीस हा मादी फुलोरा होय. कणसातून बाहेर लोंबणारे रेशमी केस म्हणजे स्त्रीकेसर असून त्यांतील प्रत्येक केस एकाच बीजांडाला जोडलेला असतो. त्यामुळे जितक्या केसांवर जिवंत परागकण पडून फलन होते तितकेच दाणे धरतात, त्याहून एकही जास्त धरू शकत नाही. चांगल्या कणसात सुमारे ५०० ते १,००० बीजांडे असतात. त्या मानाने एका तुऱ्यातून किमान २० लाख परागकण बाहेर पडतात, म्हणजे एका केसाच्या वाट्याला दोन हजारांहून अधिक परागकण येण्याइतका हा पुरवठा विपुल असतो. मक्यात कणीस रिकामे राहते ते बहुधा परागाच्या एकूण कमतरतेमुळे नव्हे, तर केस बाहेर आले त्या दिवशी पराग हवेत नव्हता म्हणून.

हा वेळेचा मेळ पाण्यावर फार अवलंबून असतो. साधारणतः तुऱ्यातून पराग पडू लागल्यानंतर एक-दोन दिवसांत केस बाहेर येतात. तुरा पाच ते आठ दिवस पराग देतो आणि त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक देतो. केस हा ताटाच्या अत्यंत पाणीदार भागांपैकी एक असल्यामुळे पाण्याचा ताण पडला की त्याची वाढ लगेच मंदावते. तुरा मात्र जवळजवळ ठरल्या वेळीच फुलतो. परिणामी दोहोंमधील अंतर एक-दोन दिवसांवरून पाच-सात दिवसांवर जाते आणि केस बाहेर येतात तेव्हा तुरे झडून गेलेले असतात. कणसाच्या बुडाकडील बीजांडांचे केस आधी बाहेर पडतात, टोकाकडील शेवटी, त्यामुळे पराग संपल्याची झळ सर्वांत आधी टोकालाच बसते. आपल्या कणसांत रिकामा भाग शेंड्याकडेच आहे, ही गोष्ट या कारणाशी जुळते.

आता सीमेवरच्या ओळींकडे पाहू. उशिराचा वाण काही दिवसांनी तुऱ्यात आला, म्हणजे लवकरच्या वाणाचे मागे राहिलेले केस परागाची वाट पाहत असताना शेजारच्या पट्ट्यात पराग पडायला सुरुवात झाली होती. ऑगस्टमध्ये आपल्याकडे वारा मुख्यतः पश्चिमेकडून आणि नैऋत्येकडून वाहतो, आणि आपला उशिराचा वाण पश्चिमेलाच होता. मक्याचा परागकण वाऱ्यावर जाणाऱ्या इतर पिकांच्या परागाच्या तुलनेने मोठा आणि जड असतो, त्यामुळे बहुतांश पराग काही मीटरच्या आतच खाली पडतो. दोन ओळींत ७५ सेंटिमीटर अंतर धरले तर आठ-दहा ओळी म्हणजे सहा ते साडेसात मीटर होतात. जड पराग जिथपर्यंत दाटीने पोहोचू शकतो, तिथपर्यंतच आपली कणसे भरली आहेत.

तुरा आणि केस यांमधील या अंतराला मका पैदासकार फार महत्त्व देतात. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात एडमीडस आणि बोलान्योस यांनी दुष्काळ सोसणारा मका निवडताना हेच अंतर कमी असलेली ताटे पिढ्यान्‌पिढ्या पुढे नेली आणि ताणाखालील उत्पादन त्यातून वाढवून दाखवले. आपल्यासारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात वाण निवडताना कणसाच्या लांबीपेक्षा हा गुण आधी विचारावा, असे मला मनापासून वाटते.

खात्रीसाठी एक तपासणी करावी. मधल्या भागातील आणि सीमेवरची काही कणसे घेऊन रिकामा भाग जवळून पाहावा. तेथे दाणा मुळीच धरलेला नसेल आणि वाळलेले केस बीजांडाला चिकटून राहिले असतील, तर परागीभवनच झाले नाही असे समजावे. बारीक, सुरकुतलेले, पांढुरके दाणे दिसत असतील, तर फलन झाले होते, पण पुढे पाण्याअभावी किंवा अन्नाअभावी दाणे गळपटले. सोबत दोन्हीकडच्या कणसांच्या मधल्या भागातील १०० दाण्यांचे वजन करून येथे कळवावे.

उत्तर: भीमाकाठ_माळशिरस

वरील उत्तराशी मी सहमत आहे. आमच्याकडे उजनीचे पाणी असले तरी पाळी केव्हा मिळेल हे आपल्या हातात नसते, म्हणून तुऱ्याच्या वेळी एक परीक्षा आम्ही दरवर्षी करतो. केस बाहेर आल्यानंतर चार-पाच दिवसांनी शेताच्या निरनिराळ्या भागांतून थोडी कणसे तोडावीत, वरचे आवरण बुडाजवळ लांबीच्या दिशेने चिरावे आणि केसांना धक्का न लावता ते अलगद उलगडावे. मग कणीस बुडाकडून धरून हलकेच झटकावे. ज्या बीजांडाचे फलन झाले असते त्याचा केस बुडातून सुटून खाली पडतो, आणि ज्याचे झालेले नसते त्याचा केस घट्ट चिकटून राहतो. कणसाच्या कोणत्या भागाला पराग मिळाला नाही, हे त्याच क्षणी नजरेसमोर येते. शेतात कुठेतरी पराग पडत असेल, तर तेव्हा केलेले पाणी वाया जात नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात सांगणे गरजेचे आहे. जनावरांना हिरवे वैरण कमी पडले की अनेक जण मक्याचे शेंडे तुऱ्यासह खुडतात. केस ओले आणि चिकट असेपर्यंत हे मुळीच करू नये. केस तपकिरी होऊन वाळले आणि दाणा धरला की मग शेंडे काढायला हरकत नाही, तेसुद्धा कणसाजवळची पाने राखूनच. बांधाच्या कडेने एक-दोन ओळी मका लावणाऱ्यांनाही भरलेली कणसे क्वचितच मिळतात, कारण वाऱ्याबरोबर पराग शेजारच्या रानात निघून जातो. तेवढेच बियाणे चौकोनी तुकड्यात लावले, तर दाणा जास्त धरतो.

अळीबद्दलही सांगतो. २०१८ मध्ये लष्करी अळी भारतात आली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही दिसली. पोंग्यातली अळी सगळ्यांना दिसते, पण पराग पडण्याच्या दिवसांत तिने केस आवरणाच्या तोंडाशी कुरतडले, तर परागाला पडायला जागाच उरत नाही, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

प्रश्नकर्ता: कोरडवाहू_बार्शी

आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिलेत याबद्दल आभारी आहे. सांगितल्याप्रमाणे कणसे पाहिली. मधल्या भागातील कणसांचा रिकामा शेंडा अगदी कोरा आहे. तेथे सुरकुतलेले दाणे जवळजवळ नाहीत आणि वाळलेले केस ओळीने चिकटलेले आहेत. सीमेवरच्या कणसांत टोकापर्यंत दाणे आहेत, पण टोकाकडचे दाणे बारीक आहेत. कणसाच्या मधल्या भागातील १०० दाण्यांचे वजन केले, तेव्हा दोन्हीकडे फारसा फरक आढळला नाही, उलट रिकाम्या शेंड्याच्या कणसांतील दाणे किंचित जडच भरले. परका पराग लागल्याने दाणा वाढतो हे खरे असते, तर सीमेवरचा दाणा जड असायला नको होता का?

उत्तर: बीजोत्पादक_पंढरपूर

मी अनेक वर्षे संकरित बियाण्याचे प्लॉट घेत आलो आहे, त्या अनुभवाच्या आणि वाचनाच्या आधारे लिहितो. कणसाच्या ज्या मधल्या भागातील दाणे आपण मोजले, तो भाग आधी केस बाहेर काढतो, म्हणून दोन्ही ठिकाणी तेथे बहुधा आपल्याच वाणाचा पराग लागला असणार. त्यात रिकाम्या शेंड्याच्या कणसात दाण्यांची संख्या कमी झाल्यामुळे ताटाने तयार केलेले अन्न उरलेल्या दाण्यांना जास्त मिळाले आणि ते थोडे जड झाले. मात्र ही भरपाई अपुरी असते. मक्यात दाण्याच्या वजनाने थोडी भर पडते, पण गमावलेल्या दाण्यांची जागा भरून निघत नाही. एकूण उत्पादन मुख्यतः दाण्यांच्या संख्येवर ठरते आणि ती संख्या फुलोऱ्याच्या आसपासच्या दोन-तीन आठवड्यांत निश्चित होते. ऐन केस बाहेर येण्याच्या काळात पाण्याचा तीव्र ताण पडला, तर एकेका दिवसाला उत्पादनात सात-आठ टक्क्यांपर्यंत घट येऊ शकते. पिकाच्या दुसऱ्या कोणत्याही अवस्थेत इतके नुकसान होत नाही.

दुकानदाराचे म्हणणे मात्र पूर्णपणे निराधार नाही. १८९८ मध्ये रशियातील नवाशिन यांनी आणि १८९९ मध्ये फ्रान्समधील गिन्यार यांनी सपुष्प वनस्पतींतील दुहेरी फलन दाखवून दिले. परागनलिकेतील एका नरपेशीच्या मिलनातून भ्रूण तयार होतो, तर दुसरीच्या मिलनातून दाण्यातील पिठूळ भाग, म्हणजे भ्रूणपोष. त्यामुळे मक्याच्या दाण्यात बापाचे गुण त्याच हंगामात दिसतात, पुढच्या पिढीची वाट पाहावी लागत नाही. पांढऱ्या मक्याच्या कणसात शेजारच्या पिवळ्या मक्याचा पराग लागला की पिवळे दाणे दिसतात ते यामुळेच. मधुमक्याच्या शेजारी साधा मका एकाच वेळी फुलला, तर मधुमक्याचे दाणे पिठूळ होऊन गोडी जाते, त्याचेही कारण हेच. सोलापूरच्या बाजारासाठी मधुमका करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवून अंतर तरी राखावे किंवा फुलोऱ्याची वेळ तरी बदलावी.

हाच परिणाम वजनावरही होतो. संकरित मक्याच्या शेतात एकाच वाणाची सर्व ताटे आनुवंशिकदृष्ट्या जवळजवळ सारखी असतात, म्हणून त्यांचा पराग एकमेकांना लागला तरी ते स्वपरागीभवनासारखेच ठरते आणि दाण्यातील भ्रूणात संकराचा जोम, म्हणजे दोन वेगळ्या वंशांच्या मिलनातून येणारी जास्तीची वाढशक्ती, अर्ध्यावर येतो. दूरच्या नात्यातील वाणाचा पराग लागला, तर दाण्यातला जोम टिकतो आणि काही जोड्यांमध्ये दाण्याचे वजन स्पष्टपणे वाढते. युरोपात, विशेषतः स्वित्झर्लंडमध्ये, यावर बरेच प्रयोग झाले. त्यांत नर वांझ असलेला, म्हणजे ज्याच्या तुऱ्यात जिवंत पराग तयार होत नाही असा, संकरित वाण मोठ्या प्रमाणात आणि त्याला पराग पुरवणारा दुसरा, नात्याने दूरचा वाण थोड्या प्रमाणात, असे मिश्रण पेरले गेले. परिणाम जोडीनुसार आणि ठिकाणानुसार बदलला. काही जोड्यांत चांगली वाढ मिळाली, काहींत काहीच नाही. म्हणून मिसळले की वाढतेच, असे सरसकट म्हणणे योग्य नाही. शिवाय नर वांझपणाचा एकच स्रोत सर्वत्र वापरण्यात धोका असतो, हे १९७० मध्ये अमेरिकेत दिसले. नर वांझपणा देणाऱ्या टेक्सास प्रकारच्या पेशीद्रव्यावर (पेशीतील केंद्रकाबाहेरचा भाग) आधारलेल्या वाणांवर पानांवरील करप्याची साथ आली आणि देशातील सुमारे १५ टक्के मका हातचा गेला.

आपल्या शेतासाठी ९० दिवसांचा आणि ११० दिवसांचा वाण एकाच सरीत मिसळणे मला योग्य वाटत नाही. लवकरचा वाळून उभा असताना उशिराचा ओला असेल, मळणीला एकत्र आले तर ओलावा जास्त लागेल आणि आडतीवर भाव कापला जाईल. उंचीतही फरक असला, तर बुटक्या वाणावर सावली पडून त्याचे नुकसान होईल. त्याऐवजी बीजोत्पादनात वापरली जाणारी पद्धत उपयोगी पडेल. आम्ही मादीच्या चार ओळींमागे नराच्या दोन ओळी घेतो आणि फुलोरा जुळावा म्हणून गरजेप्रमाणे नराची पेरणी दोन टप्प्यांत करतो. आपण बियाणे न मिसळता त्याच वाणाच्या काही ओळी आठवडाभर उशिरा टोकल्या आणि त्या शेताच्या पश्चिम बाजूला तसेच मध्ये एखाद्या पट्ट्यात ठेवल्या, तर पावसाचा खंड पडून केस मागे राहिले तरी पराग मिळण्याची शक्यता वाढेल.

तसेच दाटी कमी करावी. ६० बाय २० सेंटिमीटरला हेक्टरी सुमारे ८३ हजार ताटे बसतात, ७५ बाय २० ला सुमारे ६६ हजार. कोरडवाहू रानात ताटे दाट झाली की तुरा आणि केस यांतील अंतर आणखी वाढते. मुरघासासाठी दाट पेरणे समजण्यासारखे आहे, धान्यासाठी मात्र विरळच बरे.

उत्तर: मुरघास_मोहोळ

उन्हाळी मक्याबद्दलही कोणी तरी लिहायला हवे, कारण दुधाच्या धंद्यामुळे आमच्याकडे तो वाढत चालला आहे. फेब्रुवारीत टोकलेला मका एप्रिलमध्ये तुऱ्यात येतो आणि तेव्हा सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो. ३५ अंशांच्या पुढे कोरड्या हवेत केस वाळू लागतात आणि ३८ अंशांच्या वर पराग झपाट्याने मरतो, मग पाणी कितीही असले तरी कणीस भरत नाही. पराग सकाळी दव उडाल्यावर पडतो हीच काय ती जमेची बाजू. मुरघासातसुद्धा दाण्यातून येणारे पीठ महत्त्वाचे असते, म्हणून नुसत्या हिरव्या ताटांवर समाधान मानू नये. कणीस हवे असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील रब्बी पेरणी आमच्याकडे सर्वांत भरवशाची ठरते.

प्रश्नकर्ता: कोरडवाहू_बार्शी

पुढच्या खरिपात थोड्या ओळी उशिरा टोकण्याचे आणि अंतर ७५ सेंटिमीटर ठेवण्याचे ठरवले आहे. सीमेवरची कणसे बियाण्यासाठी ठेवण्याचा प्रश्न तेवढा राहिला. दोन संकरित वाणांचा संकर म्हणजे आणखी चांगले बियाणे, असे काही जण सांगतात.

उत्तर: बियाणे_अभ्यासक, सोलापूर

दोन संकरित वाणांच्या संकरातून बियाणे तयार करण्याची पद्धत अस्तित्वात होती, हे खरे आहे. १९६१ मध्ये भारतात प्रसारित झालेले गंगा १, गंगा १०१, रणजित आणि डेक्कन हे वाण असेच दुहेरी संकरित होते. पण त्यांच्या चारही मूळ वंशांची निवड विचारपूर्वक केलेली होती आणि मादीचे तुरे वेळेवर काढून प्रत्येक दाण्याला ठरलेलाच पराग मिळेल अशी व्यवस्था होती. आपल्या सीमेवरच्या कणसांत तसे झालेले नाही. बुडाकडचे आणि मधले दाणे आधी फलित झाल्यामुळे ते बहुधा आपल्याच वाणाच्या परागाचे, म्हणजे दुसऱ्या पिढीचे आहेत. ते पेरले तर ताटे उंच-सखल येतील, फुलोरा मागेपुढे होईल आणि उत्पादन घटेल. शेजारच्या वाणाचा पराग लागलेले दाणे शेवटी केस काढणाऱ्या शेंड्याकडे आहेत, आणि बियाण्यासाठी कणीस निवडताना टोकाचे हे बारीक दाणे आपण नेहमीच काढून टाकतो. तेव्हा ही कणसे मधल्या पट्ट्याच्या मालात मिसळून धान्य म्हणून विकावीत आणि खरिपासाठी पिशवीतील नवे बियाणेच घ्यावे.